दर्याची खतावणी : प्रस्तावना

पहिल्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारा. मधल्या रात्री ज्या होड्या लागल्या, त्यांची चौकशी सकाळी धक्क्यावरच करायची. होड्या पंधरा किंवा त्याहून कमी असतील तर एकूण एक तपासायच्या, जास्त असतील तर नेमून दिलेल्या प्रमाणात निवडायच्या. जाळं कुठलं, किती वाव पाण्यात टाकलं, किती तास ओढलं, टोपल्या किती, टोपलीत म्हावरं कोणतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे गणक भारताच्या किनाऱ्यावर कित्येक दशकं हे काम करत आले आहेत. देशाच्या समुद्रातून दरसाल साधारण ३५ लाख टन मासळी निघते, असं आपण वर्तमानपत्रात वाचतो, तो आकडा अशा हजारो दुपारी आणि सकाळी पदरात बांधून निघालेला असतो.

अशाच एका गणकाबरोबर मी एक सकाळ रत्नागिरीच्या मिरकरवाडा धक्क्यावर काढली. नुकत्याच लागलेल्या होडीवरचा वयस्क नाखवा त्याला म्हणाला, “मास्तर, कशाला मोजता? मोजलं की बरकत जाते.” गणकाने वाद घातला नाही. त्याने विचारायचं ते विचारलं, नाखव्याने सांगायचं ते सांगितलं. नंतर टपरीवर चहा घेताना गणक मला म्हणाला, “तोंडी सांगितलेला आकडा एका बाजूला लिहितो. मग लिलाव लागेस्तोवर थांबतो आणि टोपल्या स्वतः मोजतो. दोन्ही जुळले की बरं वाटतं.” जुळतात का, असं मी विचारलं. त्याने चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली.

हे पुस्तक त्या दोन आकड्यांमधल्या अंतराविषयी आहे. सांगितलेलं आणि मोजलेलं यांत जे अंतर नाखवा आणि गणक यांच्यात असतं, तेच पुढे राज्य आणि केंद्र यांच्यात, आणि देशादेशांत असतं. ते कमी करण्याची जगभरची धडपड सव्वाशे वर्षांची आहे. तिच्यात गणित भरपूर आहे, जहाजं आहेत, अलीकडे उपग्रहही आले. पण माझं मत विचाराल तर हा इतिहास मुळात एकमेकांपुढे वही उघडण्याचा आहे, आणि वही उघडायला कोणीच आनंदाने तयार नसतो.

मिरकरवाड्यातली नोंद मिरकरवाड्यात राहत नाही. ती संस्थेच्या कोचीच्या कचेरीत जाते, तिथून दिल्लीला, आणि वर्षाच्या आकडेवारीत विरघळून रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेकडे पोचते. टोपलीत सुरमई किंवा कुपा असेल तर सेशेल्स बेटांवर व्हिक्टोरिया या गावात हिंद महासागर टुना आयोगाची कचेरी आहे, तिथेही तिला जागा असते. वाटेत मासळीचं नाव गळतं आणि तीन अक्षरांचा संकेत चिकटतो. सुरमईची ‘सी-ओ-एम’ होते, पिवळ्या पराच्या कुप्याचा ‘वाय-एफ-टी’. काही वर्षांनी तिकडून एक शेरा उलट येतो : या माशाचा साठा ठीक आहे, किंवा साठ्यावर अतिमासेमारी होते आहे, किंवा साठा खालावला आहे. धक्क्यावर हा शेरा कोणी वाचत नाही. पण बंदीचा काळ, जाळ्याच्या आसाचा आकार, परदेशातल्या खरेदीदाराची अट, आणि आता सरकारी अनुदानही हळूहळू त्या शेऱ्यावर ठरू लागलं आहे.

‘साठा’ हा शब्द आम्हा संपादकांना पुरता पटलेला नाही, हे इथेच सांगून टाकतो. साठा म्हटलं की गोदाम डोळ्यांपुढे येतं, पोत्यांच्या थप्प्या, दाराला कुलूप. समुद्रातला मासा थप्पीत बसत नाही. तो वितो, वाढतो, दुसऱ्याच्या पोटात जातो आणि पाणी तापलं की मुक्काम हलवतो. शास्त्राला अभिप्रेत अर्थ असा आहे : एका जातीच्या माशांचा असा समूह, जो बहुतेक करून आपापसातच वीण करतो, आणि ज्यातला मासा एका ठिकाणी जास्त पकडला तर दुसऱ्या ठिकाणी कमी पडतो. याला ‘कुळी’ म्हणावं, ‘कळप’ म्हणावं, अशा सूचना आल्या. शेवटी सरकारी कागदांत आणि मत्स्य महाविद्यालयांत रुळलेला ‘मत्स्यसाठा’च ठेवला. वाचकाने गोदाम मात्र मनातून काढून टाकावं.

समुद्रातला मासा मोजण्याची गरजच काय, असा प्रश्न एके काळी शास्त्रज्ञच विचारत. १८८३ साली लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात थॉमस हक्स्ली या मोठ्या जीवशास्त्रज्ञाने, समुद्रातली मोठी मासेमारी बहुधा अक्षय्य आहे, असं मत मांडलं. त्याच्या काळच्या होड्या आणि जाळी पाहिली तर त्याला हसण्याचं कारण नाही. पण वाफेच्या ट्रॉलर आल्या, आणि वीस वर्षांच्या आत उत्तर समुद्राभोवतीचे देश एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. मासा कमी का झाला? तुम्ही जास्त पकडला म्हणून, की तो दुसरीकडे गेला म्हणून? एकट्या देशाला याचं उत्तर देता येत नव्हतं, कारण हेरिंग मासा सरहद्द ओळखत नव्हता. १९०२ साली कोपनहेगनमध्ये आठ देशांनी मिळून समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. आजही तिचं मुख्यालय तिथेच आहे आणि ईशान्य अटलांटिकमधल्या माशांविषयीचा सल्ला तिच्याकडूनच मागितला जातो.

या परिषदेतल्या पहिल्या पिढीने एक गोष्ट शोधली, जिच्यावर पुढची सगळी इमारत उभी आहे. नॉर्वेचा योहान यॉर्ट आणि त्याचे सहकारी हेरिंगच्या खवल्यांवरची वलयं वाचून माशाचं वय सांगायला शिकले. झाडाच्या खोडात असतात तशीच ही वर्षागणिक पडणारी वलयं. मग दिसलं ते चमत्कारिक होतं. १९०४ साली जन्मलेली हेरिंगची पिढी इतकी मोठी होती की पुढची कित्येक वर्षं जाळ्यात मुख्यतः तीच येत राहिली, दरवर्षी एक वर्षाने म्हातारी होत. यॉर्टचा १९१४ सालचा निबंध सांगतो तो मुद्दा असा की मासेमारीचे चढउतार मासा कुठे गेला यावर कमी आणि कोणत्या वर्षी किती पिल्लं जगली यावर जास्त अवलंबून असतात. आपल्याकडे ‘यंदा बांगडा लागला’ असं म्हणतात, त्यामागे बहुधा असंच एखादं चांगलं वर्ष असतं.

त्यानंतरचा मोठा पुरावा कोणा शास्त्रज्ञाने मांडला नाही, तो युद्धाने दिला. पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रातली मासेमारी जवळजवळ थांबली, आणि युद्ध संपल्यावर जाळ्यांत मोठे, भरपूर मासे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तेच झालं. मासेमारीने मासा कमी होतो, थांबवली तर तो परत येतो, याला यापेक्षा स्पष्ट प्रयोग कोणाला करता आला नसता. १९३१ साली ई. एस. रसेल याने सगळा हिशेब एका ओळीत बसवला : यंदाचा साठा म्हणजे गेल्या वर्षीचा साठा, त्यात नव्याने आलेली पिल्लं आणि वाढलेलं वजन मिळवायचं, पकडलेलं आणि आपोआप मेलेलं वजा करायचं. घरातल्या कोणत्याही बाईला हा जमाखर्च कळेल. अडचण एवढीच की यातली फक्त एक बाब, पकडलेलं, थेट मोजता येते, आणि तीही लोकांनी खरं सांगितलं तर.

दुसऱ्या महायुद्धानंतर या जमाखर्चाच्या दोन ठळक परंपरा तयार झाल्या. इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्टच्या प्रयोगशाळेत रेमंड बेव्हर्टन आणि सिडनी होल्ट यांनी १९५७ मध्ये एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक वयाच्या माशाचा वेगळा हिशेब होता. प्रशांत महासागराच्या अमेरिकी बाजूला मिलनर शेफर याने १९५४ साली साधी वाट काढली : वय नको, फक्त किती पकडलं आणि त्यासाठी किती कष्ट पडले ते सांगा, त्यावरून साठा किती उपज देऊ शकतो ते काढतो. पहिल्या परंपरेला माहिती पोत्याने लागते, दुसरीला मूठभर पुरते, आणि त्यामुळे दुसरी फसते लवकर. ‘जास्तीत जास्त टिकाऊ उत्पादन’ हा शब्दप्रयोग या काळात धोरणाच्या भाषेत शिरला तो आजतागायत गेलेला नाही. १९७७ मध्ये पीटर लार्किन या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने त्या संकल्पनेचा मृत्युलेखही लिहिला. संकल्पना जिवंतच राहिली. कायद्यात शिरलेला शब्द मारणं शास्त्रज्ञांच्या हातात नसतं.

तिसरी परंपरा आपल्या जवळची आहे. उष्ण समुद्रातल्या माशांच्या खवल्यांवर आणि कानातल्या खड्यांवर वर्षाची वलयं स्पष्ट उमटत नाहीत, कारण इथे थंडीने वाढ खुंटण्याचा हंगामच नसतो. मग वय कसं काढायचं? डॅनियल पॉली आणि मनिलातल्या त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास वयाऐवजी लांबीवर काम चालवण्याची पद्धत बसवली. बाजारातले शेकडो मासे पट्टीवर ठेवून मोजायचे, लांबीचे गट कसे पुढे सरकतात ते पाहायचं, आणि त्यावरून वाढ आणि मृत्यूचा वेग काढायचा. गरीब देशांना परवडणारी ही पद्धत होती, म्हणून ती पसरली. भारतातल्या किती तरी शोधनिबंधांच्या पाठीशी हीच पट्टी आहे.

या सगळ्या प्रगतीला जबर तडाखा बसला तो न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर. ही गोष्ट या पुस्तकात एकाहून अधिक लेखकांनी आपापल्या परीने सांगितली आहे आणि आम्ही ती कापली नाही, कारण तिच्याशिवाय हा विषय कळत नाही. पाच शतकं तिथला कॉड मासा युरोपला जेवू घालत होता. १९६८ मध्ये परदेशी ट्रॉलरसह एकूण पकड आठ लाख टनांवर गेली, मग घसरली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० मैलांची हद्द आखून परदेशी जहाजं बाहेर काढली आणि आपल्या शास्त्रज्ञांच्या भरवशावर मासेमारी चालवली. भरवसा ठेवण्यासारखीच ती मंडळी होती. पण त्यांच्या हिशेबात मोठ्या ट्रॉलरच्या पकडीच्या वेगाला बरंच वजन होतं, आणि उरलेसुरले कॉड थव्याथव्याने एकत्र येत असल्यामुळे ट्रॉलरला ते शेवटपर्यंत भरपूर मिळत राहिले. किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार मात्र १९८० च्या दशकात ओरडत होते की मासा लहान होतो आहे, जाळी रिकामी येत आहेत. त्यांचं सांगणं ‘किस्से’ ठरलं आणि ट्रॉलरच्या नोंदी ‘आकडेवारी’. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद केल्याची घोषणा झाली. बंदी दोन वर्षांसाठी होती. तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला, आणि व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू झाली ती २०२४ मध्ये, १८ हजार टनांच्या मर्यादेवर.

मला या गोष्टीत शास्त्राचा पराभव दिसत नाही. मिरकरवाड्याच्या गणकाने जे दोन रकाने केले होते, सांगितलेलं आणि मोजलेलं, त्यांतला एक रकाना कॅनडाने रिकामा ठेवला होता. तोही उलटा : तिथे सांगणारे खरं बोलत होते आणि मोजणारे चुकत होते.

आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचं संस्थात्मक चित्र नवख्या वाचकाला रुक्ष वाटेल, म्हणून थोडक्यात. अन्न आणि कृषी संघटना १९४५ मध्ये स्थापन झाली आणि तिची जागतिक पकडीची आकडेमालिका १९५० पासून सलग मिळते. १९६० पासून निरनिराळ्या संस्थांचे आकडे एका साच्यात बसवणारा समन्वय गट काम करतो. तीन अक्षरी संकेत, समुद्राचे क्रमांक दिलेले विभाग, होड्यांचे प्रकार हे सारं या कष्टाळू, अप्रसिद्ध कारकुनीतून आलं. आपला पश्चिम किनारा त्या नकाशात ५१ क्रमांकाच्या विभागात येतो. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने २०० मैलांपर्यंतचा मासा किनारी देशाच्या ताब्यात दिला. त्यासोबत साठा सांभाळण्याची आणि माहिती देण्याची जबाबदारीही दिली, हे मात्र सगळे विसरतात. १९९५ चा मत्स्यसाठा करार हद्दी ओलांडणाऱ्या आणि दूरवर भटकणाऱ्या माशांसाठी झाला. माहिती कोणती, किती बारकाईने द्यायची याचं परिशिष्टच त्याला जोडलेलं आहे. भारत २००३ मध्ये त्यात सामील झाला. त्याच वर्षी रोमच्या मत्स्य समितीने साठ्यांच्या स्थितीची माहिती सुधारण्याचं धोरण स्वीकारलं, आणि पुढच्या वर्षी वेगवेगळ्या प्रादेशिक आयोगांचे साठ्यांविषयीचे अहवाल एकाच जागी, एकाच मांडणीत ठेवणारी भागीदारी सुरू झाली. ‘फर्म्स’ हे तिचं नाव. तिच्यात कोणी कोणावर सक्ती करत नाही. ज्याचा अहवाल त्याचा शब्द, आणि दुसऱ्याने तो बदलायचा नाही. एवढा संकोच पाळल्यावरच देश वही उघडतात, हे तिच्या रचनेतून शिकण्यासारखं आहे.

आकडे जमा झाले म्हणजे ते खरे झाले असं नव्हे. २००१ साली रेग वॉटसन आणि डॅनियल पॉली यांनी दाखवून दिलं की चीनची जाहीर पकड तिथल्या समुद्राच्या मानाने अशक्य कोटीतली आहे. स्थानिक अधिकाऱ्यांची बढती उत्पादन वाढल्याचं दाखवण्यावर अवलंबून असल्यामुळे आकडे फुगत गेले होते. त्या फुगवट्याने सगळ्या जगाची पकड वाढते आहे असा भास झाला होता. २०१६ मध्ये पॉली आणि डर्क झेलर यांनी उलट बाजू मांडली : घरी खाल्लेला, फेकून दिलेला, चोरून पकडलेला मासा कोणत्याच रकान्यात नसतो. तो धरला तर जगाची पकड १९९६ च्या शिखरावर सुमारे १३ कोटी टन होती, जाहीर ८.६ कोटींच्या जागी. पहिल्या निबंधाने दाखवलेली चूक वरची आणि दुसऱ्याने दाखवलेली खालची. दोन्ही वेळा कारण तेच होतं : आकडा सांगणाऱ्याला त्या आकड्यापासून काय मिळणार, हे कोणी विचारलं नव्हतं.

जग बुडालं म्हणणारे आणि सगळं सुधारतंय म्हणणारे, असे दोन पंथ या विषयात आहेत. बोरिस वर्म याच्या गटाने २००६ मध्ये २०४८ सालापर्यंत सगळे साठे कोसळतील असा सूर लावला, आणि रे हिलबॉर्न याने त्याचा जोरदार प्रतिवाद केला. पुढे, २००९ मध्ये, या दोघांनी एकत्र बसून एक निबंध लिहिला, ही मला या क्षेत्रातली सर्वांत आश्वासक घटना वाटते. निष्कर्ष ढोबळमानाने असा निघाला की जिथे साठ्यांचं नियमित मूल्यमापन होतं आणि त्यावरून मर्यादा घातल्या जातात, तिथे मासा सावरतो. बाकी जगाविषयी ठामपणे बोलायला माहितीच नव्हती. ही ‘बाकी जगा’ची जागा मोठी आहे, आणि आपण तिच्यातच राहतो. २०२५ मध्ये अन्न आणि कृषी संघटनेने ९२ देशांतल्या ६५० हून अधिक तज्ज्ञांना बसवून २,५७० साठ्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतले ६४.५ टक्के टिकाऊ मर्यादेत निघाले, ३५.५ टक्के मर्यादेपलीकडे ओरबाडलेले. १९७४ मध्ये हे दुसरं प्रमाण दहा टक्के होतं.

एकत्र मोजलं की एकत्र वागणं आलंच, असा भोळा समज कोणी करून घेऊ नये. ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकरेल माशाच्या बाबतीत सगळे किनारी देश कोपनहेगनच्या परिषदेचा आकडा मान्य करत आले. भांडले ते वाट्यावर. कित्येक वर्षं देश आपापला वाटा आपणच जाहीर करत राहिले आणि सगळ्यांची बेरीज सल्ल्यापेक्षा बरीच वर गेली. २०२५ मध्ये परिषदेला पुढच्या वर्षासाठी पकडीत सुमारे ७० टक्के कपात सुचवावी लागली. याच्या उलट बॅरेंट्स समुद्र. नॉर्वे आणि सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या काळात, १९७६ मध्ये, मासेमारीचा संयुक्त आयोग चालू केला. बर्गन आणि मुरमान्स्कच्या शास्त्रज्ञांनी कॉड एकत्र मोजला, तो साठा जगातल्या मोठ्या कॉड साठ्यांपैकी एक राहिला. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाला कोपनहेगनच्या परिषदेतून निलंबित केलं, तरी दोन्ही देशांचे शास्त्रज्ञ परिषदेबाहेर बसून हा हिशेब करत राहिले. मैत्री नसतानाही वही एक ठेवता येते, याचं हे उदाहरण आहे.

आता आपल्या दर्याकडे. खानावळीच्या ताटातली सुरमई आणि कुपा हे आंतरराष्ट्रीय मासे आहेत. हिंद महासागर टुना आयोगाच्या अखत्यारीतल्या सोळा जातींत पट्ट्यांची सुरमई आहे आणि ठिपक्यांचीही. आयोगात भारत, पाकिस्तान, इराण, ओमान एकाच टेबलाशी बसतात. गेल्या दशकात आयोगाच्या शास्त्रीय समितीने पट्ट्यांच्या सुरमईवर अतिमासेमारीचा शिक्का मारला, आणि त्याच दमात कबुलीही दिली की सुरमईच्या पकडीचा मोठा भाग अंदाजाने भरावा लागतो. कारण आपल्याला ठाऊक आहे. धक्क्यावर दोन्ही सुरमया एका टोपलीत पडतात, आणि ‘कुपा’ म्हटलं की त्यात निदान तीन-चार जाती आल्या. पिवळ्या पराच्या कुप्याची कहाणी आणखी बोलकी आहे. २०१५ मध्ये त्याचा साठा खालावल्याचं जाहीर झालं, कपातीच्या ठरावांवर भारतासह काही देशांनी आक्षेप घेतले, कडू वाद झाले. २०२४ च्या मूल्यमापनात तोच साठा सुरक्षित निघाला. मासा एका रात्रीत दुणावला नव्हता. गणितात घातलेल्या आकडेमालिका आणि गृहीतकं सुधारली होती. आधीचे शास्त्रज्ञ खोटं बोलत होते असा निष्कर्ष काढणाऱ्याने पुस्तक इथेच मिटलं तरी चालेल, पण मग ते पुन्हा उघडावं अशी विनंती. शेरा बदलू शकतो, हेच त्याच्या खरेपणाचं लक्षण आहे.

आपल्या संशोधन संस्थेने २०२२ सालच्या आकडेवारीवर १३५ साठ्यांचं मूल्यमापन केलं आणि ९१.१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचं सांगितलं. जगाचे ६४.५ आणि आपले ९१.१. हे वाचून छाती फुगवणारे भेटतात आणि आकडा उडवून लावणारेही भेटतात. या पुस्तकातल्या लेखकांतही यावर एकमत नाही आणि आम्ही ते घडवून आणायचा प्रयत्न केला नाही. कोणते साठे निवडले आणि कोणत्या वर्षापासूनची आकडेवारी पाया धरली, यावर टक्केवारी बरीच ठरते. पाया जेवढा अलीकडचा, तेवढी स्थिती चांगली दिसते. सातपाटीच्या म्हाताऱ्याला विचाराल तर तो पापलेटचा पाया आपल्या बापाच्या होडीपासून धरेल, नातू स्वतःच्या पहिल्या हंगामापासून. पॉलीने १९९५ मध्ये याच विस्मरणावर एक छोटा निबंध लिहिला, आणि या विषयातला तो बहुधा सर्वांत वाचला गेलेला मजकूर आहे. शिवाय आकड्यामागे समुद्रही हलत असतो. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती, २०२१ मध्ये ३,२९७ टन. एवढी घसरण नुसत्या जाळ्यांनी होत नाही आणि नुसत्या तापलेल्या पाण्यानेही होत नाही. दोन्ही वेगळे काढायचे तर दीर्घ, अखंड नोंद हवी.

आणि मग पापलेट. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केलं, त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवली. पण ज्याला आपण वर्षानुवर्षं एका शास्त्रीय नावाने ओळखत होतो, तो आपल्या किनाऱ्यावरचा पापलेट वेगळीच जात असल्याचं अलीकडचे जनुकीय अभ्यास सांगू लागले आहेत. पापलेट आणि घोळ गुजरातेत मिळतात तसे सिंधच्या किनाऱ्यावरही मिळतात. साठा एक की दोन, हे ठरवायला दोन्ही बाजूंचे नमुने एका टेबलावर यावे लागतात. सुरमईसाठी असं टेबल सेशेल्समध्ये आहे, पापलेटसाठी कुठेच नाही. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या तुरुंगातल्या मच्छीमारांच्या याद्या न चुकता एकमेकांना देतात. ज्या माशामागे ती माणसं गेली, त्याची यादी कोणी कोणाला देत नाही.

हे पुस्तक आत्ताच का, याचं व्यावहारिक उत्तर जागतिक व्यापार संघटनेत आहे. मासेमारीच्या अनुदानांवरचा तिचा करार १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. जो साठा खालावला असं किनारी देश किंवा प्रादेशिक आयोग मान्य करेल, त्यावरच्या मासेमारीला अनुदान देण्यावर त्यात बंधन आहे. भारताने त्यात सामील व्हायचं की नाही हा वेगळा प्रश्न, आणि किनाऱ्यावरच्या छोट्या होडीवाल्याला मोठ्या जहाजांच्या मापाने मोजू नये ही आपली भूमिका मला रास्त वाटते. पण साठ्याचा शेरा यापुढे प्रयोगशाळेत राहणार नाही, डिझेलच्या परताव्यापर्यंत येणार आहे. शेऱ्याला इतका पैसा चिकटला की त्यावर दबावही येणार. अशा वेळी तो शेरा कसा तयार होतो, कुठे कच्चा असतो, कोणता प्रश्न विचारला की त्याचा कस लागतो, हे मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीला, पत्रकाराला, मत्स्यविज्ञानाच्या विद्यार्थ्याला मराठीत वाचायला मिळावं, एवढाच या संग्रहाचा हेतू आहे. मासा संपला असं ओरडण्यासाठी तो काढलेला नाही, आणि सरकारी आकड्यांची तरफदारी करण्यासाठीही नाही. समीकरणं जिथे टाळता आली तिथे टाळली. जिथे टाळली असती तर वाचकाची फसवणूक झाली असती, तिथे ठेवली आहेत आणि उदाहरण सोडवून दाखवलं आहे. स्थानिक नावं लेखकांनी वापरली तशीच राहू दिली. मालवणची तारली आणि पालघरचा बोंबील आपापल्या बोलीत बोलतात.

एक उणीव मान्य करायला हवी. मासळी निवडणाऱ्या, टोपल्या उचलणाऱ्या, लिलावात बोली लावणाऱ्या बायकांना मासा लहान झाल्याचं सगळ्यांच्या आधी कळतं, कारण तो रोज त्यांच्या हातातून जातो. त्यांचं सांगणं या पुस्तकात हवं तेवढं आलेलं नाही. दुसरी आवृत्ती निघाली तर तिथून सुरुवात करू.

वाचकांना एक विनंती. आपल्या किनाऱ्यावर मच्छीमार सहकारी सोसायट्या जुन्या आहेत. कोणाच्या माळ्यावर, सोसायटीच्या कपाटात, आजोबांच्या ट्रंकेत लिलावाच्या वह्या, वजनाच्या पावत्या, बर्फ-डिझेलचे हिशेब पडलेले असतील. त्यातल्या एकेका पानावर त्या दिवशी किती पापलेट आलं आणि केवढं होतं, हे लिहिलेलं असतं. ते दुसऱ्या कुठल्याही कचेरीत मिळणार नाही. घर साफ करताना ते रद्दीत देऊ नका. पानांचे फोटो काढा आणि जवळच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवा. वाळवी लागलेली असली तरी चालेल, गुजराती किंवा मोडीत लिहिलेली असली तरीही.